विकणाऱ्यानं उभं राहायचं

त्या दुपारी पाऊस काही जोरात नव्हता. नुसती भुरभुर होती... छत्री उघडली तर लोक हसतील आणि नाही उघडली तर केस भिजतील, अशी. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे डोळे तपासतात तिथे, ती भिंगांची पेटी पुसत बसली होती. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि एक उंच माणूस वाकून आत आला. त्याच्या चष्म्याची एक काडी जागेवर होती. दुसरी काळ्या चिकटपट्टीनं बांधलेली.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

"मीच. मी लिफ्ट दुरुस्त करतो. वायरला गुंडाळायची पट्टी खिशात होती, लावून टाकली."

"किती दिवस झाले?"

"दिवस नाही..." तो ओशाळून हसला. "महिने म्हणा."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, दिवा मालवला, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवताना तिची बोटं त्याच्या कानाला लागली. पावसानं गार झालेला कान. ती उगाचच घाईघाईनं मागे सरली.

"खालून दुसरी ओळ बघा. हे भिंग बरं, की... हे?"

"पुन्हा म्हणा."

"हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखीच आहेत," तो म्हणाला. "मला आवाज ऐकायचा होता."

आगाऊ गिऱ्हाइकं तिनं खूप पाहिली होती. अशांना ती एका वाक्यात गार करायची. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं, पण तोच म्हणाला, "गैरसमज नका करून घेऊ. हा आवाज मी ऐकलाय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एका शनिवारी. 'बाजार पडला म्हणून तुमची कंपनी पडत नाही. हातावर हात ठेवून बसा.' त्या तुम्हीच ना? मास्तरीणबाई?"

खोलीत अंधार होता हे तिचं नशीब.

"मी सोमवारी सगळे शेअर्स विकणार होतो," तो अंधारातच सांगत राहिला. "भाऊ म्हणत होता, वहिनी म्हणत होती, सगळं जगच म्हणत होतं की विक. तुमचं ऐकलं आणि बसून राहिलो. आज सगळं भरून निघालंय, वर आलंय. तुमचे आभार मानायचे होते, पण बाहेरगावी काम निघालं आणि वर्ष उलटलं. एवढं काळीज कुठून आणलंत तुम्ही?"

"हनुवटी इथे टेकवा," ती म्हणाली.

आता तिच्या तोंडचं पाणी का पळालं, ते सांगायलाच हवं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चारला एक मंडळ जमायचं. पंधरा-सोळा साधी नोकरदार माणसं. शेअर घ्यायचे ते वर्षानुवर्षं ठेवायचे, आज घेऊन उद्या विकायचा जुगार खेळायचा नाही, हा मंडळाचा पण. निवृत्त पोस्टमास्तर असलेले काका इतिवृत्त लिहायचे आणि ती शिकवायची, म्हणून ती मास्तरीण. मंडळाला नियम होता एकच, आणि तो तिनंच केलेला. कुठलाही शेअर घेताना तो का घेतला हे वहीत लिहायचं. आणि विकला, तर पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून ते कारण वाचायचं, मग विकल्याचं कारण सांगायचं. चारचौघांत उभं राहायच्या लाजेनं तरी माणूस थांबतो, असा तिचा हिशेब. आणि तो बरोबर होता. वर्षानुवर्षं कुणीही उभं राहिलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी बाजार कोसळला. रोज सकाळी थोडा, दुपारी अजून थोडा. ती शनिवारी लोकांना धीर द्यायची आणि मंगळवारी भिंगं बदलता बदलता फोन बघायची. दिवसातून चाळीस वेळा. जेवण जाईना, झोप लागेना. शेवटी एका मंगळवारी सकाळी, एक आजी तपासून बाहेर गेल्या आणि दुसरे आजोबा आत यायचे होते, तेवढ्या चार मिनिटांत, ह्याच अंधाऱ्या खोलीत, सहा वर्षं जमवलेले पाच कंपन्यांचे सगळे शेअर तिनं विकून टाकले. विकल्यावर एकदम हलकं वाटलं. आजोबांचे डोळे तिनं फार छान तपासले.

शनिवारी ती उभी राहायलाच गेली होती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पण खोली गच्च भरलेली. सगळे तिच्याकडे डोळे लावून बसलेले. काकांनी कुणीतरी पाहुणाही आणला होता, मागच्या बाकावर. ती उठली, तोंड उघडलं... आणि तोंडातून बाहेर पडलं ते भाषण. "हातावर हात ठेवून बसा. मीही तेच करतेय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात बाजार सावरला, आणि त्या टाळ्या तिला दर शनिवारी नव्यानं ऐकू येऊ लागल्या.

आणि तो मागच्या बाकावरचा पाहुणा आता नव्या चष्म्यासाठी फ्रेम निवडत होता. "कुठली शोभेल? तुम्ही म्हणाल ती. तुमच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे."

"डोळे उघडे ठेवा," ती कशीबशी म्हणाली. "फ्रेम दिसायला हवी."

तो खळखळून हसला. तिला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

पुढच्या शनिवारी लिफ्टवाला नव्या चष्म्यानिशी मंडळात हजर. त्याच्या पुढच्याही. मंडळ सुटलं की तो तिच्या बसथांब्यापर्यंत चालत यायचा. त्याचा रस्ता नेमका उलट्या बाजूला होता, हे काकांनी तिला दोनदा आणि तिच्या ताईला एकदा सांगून झालं होतं.

"तुम्ही कंपन्या निवडता कशा?" तिनं एकदा त्याला विचारलं.

"मला ताळेबंद फारसे कळत नाहीत. मी लिफ्ट उघडतो ना, तेव्हा बघतो. काही बेअरिंगं दोन वर्षांत कुरकुरतात. काही वीस वर्षांनी उघडली तरी घातल्या दिवसासारखी. मग पुसून नाव वाचतो आणि त्या कंपनीचा शेअर आहे का शोधतो." तो थांबला. "हसाल तुम्ही."

ती हसली नाही. पुस्तकांतून वाचून तिनं जे इतकी वर्षं शिकवलं, ते हा माणूस ग्रीसनं माखलेल्या बोटांनी करत होता. "ही तुमची स्वतःची पद्धत आहे," ती म्हणाली. "पुष्कळांना आयुष्यभर सापडत नाही."

"आणि तुमची?"

"माझी...?"

"तुमची पद्धत. काळीज घट्ट ठेवायची." तो तिच्याकडे बघत होता. रस्त्यातल्या डबक्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि त्यानं बरोबर त्यातच पाय घातला. "बघा. तुमच्याकडे बघताना असं होतं."

तिच्या गालांवर रक्त चढलं आणि त्याच क्षणी तो मंगळवार आठवला. दोन्ही एकदम. हल्ली हे रोजचंच झालं होतं. तो जितका गोड बोलायचा, तितकी ती मनातून खजील व्हायची. घरी जाऊन आरशात बघायचं तिला जिवावर यायचं.

घरी ताई. मोठी बहीण, शाळेत चित्रकला शिकवणारी, आणि त्या मंगळवारची गोष्ट ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती.

"सांगून टाक त्याला," ताई ब्रश धुता धुता म्हणाली.

"सांगेन गं. आधी जरा... त्याला माझी सवय होऊ दे."

"कुणाची? तो तुझ्या प्रेमात नाहीये, बाई. तुझ्या भाषणाच्या प्रेमात आहे. तुला तर तो अजून भेटलेलाच नाही."

हे इतकं वर्मी लागलं की ती रात्री जेवलीच नाही. ताई खोटं बोलली असती तर तिनं भांडून घेतलं असतं.

मग बाजार पुन्हा घसरू लागला. ह्या वेळी थोडासाच, पण वर्तमानपत्रांना तेवढं पुरतं. गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास लिफ्टवाला आला आणि काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. त्याचे डोळे चमकत होते.

"मी काहीतरी ठरवलंय. गाळा घ्यायला पैसे साठवलेत ना मी, स्वतःच्या वर्कशॉपसाठी... पुढच्या वर्षी लागणारेत. ते सगळे आत्ता शेअर्समध्ये घालतो. स्वस्तात मिळतायत. वर्षभरात वाढतील, मग मोठा गाळा."

"वर्षभरात लागणारे पैसे शेअर्समध्ये घालायचे नसतात," ती घाबरून म्हणाली. "वर्षभरात काहीही होऊ शकतं."

"मागच्या वेळी झालं का काही? भाऊ घाबरतोय. त्याला म्हटलं, त्या बसल्यात ना, मग मीही बसणार." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही बसल्यायत ना?"

आत्ता सांग, तिचं मन ओरडत होतं. समोर होता तो, एकटा. कुणी ऐकणारं नव्हतं. आणि तरीही तिचं तोंड उघडेना. कारण सांगितल्यावर हा चेहरा कसा होईल ते तिला इतक्या जवळून बघायचं नव्हतं.

"शनिवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी... फक्त शनिवारपर्यंत."

"तुमच्यासाठी कितीही," तो म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी काकांनी नेहमीसारखं चष्म्यावरून बघत विचारलं, "ह्या आठवड्यात कुणी विकलंय?" हा प्रश्न उपचारापुरता असायचा. उत्तराची वाट न बघता ते पान उलटायचे.

ती उभी राहिली.

"मी."

काकांनी उलटलेलं पान परत घेतलं. "कुठली कंपनी?"

"पाचही."

"पाचही... ह्या आठवड्यात?"

"गेल्या वर्षी." तिनं तारीख सांगितली.

काका इतिवृत्ताची जुनी पानं मागे मागे चाळत गेले. खोलीत फक्त कागदांचा आवाज. "त्यानंतर चौथ्या दिवशी तुमचं भाषण आहे," ते सावकाश म्हणाले. "'मीही तेच करतेय.' माझ्याच अक्षरात आहे."

"हो."

तिनं वही उघडली. नियमच तसा होता, नाही का? पाच कंपन्यांची पाच कारणं तिनं वाचली. प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं, 'दहा वर्षं ठेवणार.' तिसऱ्या वेळी तिनं ते वाक्य घाईनं उरकलं. पाचव्या वेळी न वाचता त्यावर नुसतं बोट ठेवलं. "विकल्याचं कारण," ती म्हणाली. "कंपन्यांत काही बिघडलं नव्हतं. मी घाबरले. बाजार पडला म्हणून नाही, मी रोज चाळीस वेळा बघत होते म्हणून. आणि मग उभं राहायला लाजले. तुमच्यापैकी जे माझ्या भरवशावर बसून राहिले, त्यांचं नुकसान झालं नाही, ते माझं नशीब. झालंही असतं."

तिनं मान वर केली नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी उठल्याचं तिला समजलं. पावलं दाराकडे गेली. दार अगदी हळू लागलं. त्यानं ते आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटी काकांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढच्या शनिवारी भाषण कोण करणार?"

"मी नाही, काका. मला आता तोंड नाही."

"तुम्हीच करायचं. पण ह्या वेळी घाबरण्यावर करा. त्या विषयात तुमचा अभ्यास दांडगा दिसतोय."

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कुणी. तिला रडू आलं.

ते भाषण तिनं केलं. मागचा बाक रिकामा होता. तिनं सांगितलं की आपला स्वभाव ओळखल्याशिवाय पद्धत उसनी घेऊ नये. कुणाला भाव पडताना बघवतं. मला नाही बघवत, हे मला तेव्हाच कबूल करायला हवं होतं. ठेवणं मला पटतं, बघत ठेवणं झेपत नाही. म्हणून आता दर महिन्याला ठरलेली रक्कम सगळ्या बाजाराचे शेअर एकत्र घेणाऱ्या एका मोठ्या फंडात परस्पर जाते, फोनवरचं ॲप मी काढून टाकलंय, आणि हिशेबाचे कागद ताईकडे येतात. ताई ते वर्षातून एकदा उघडणार आणि मी काकुळतीला आले तरी त्याआधी दाखवणार नाही, असं तिनं मला बजावलंय. हे फार शूर नाही. पण हे माझं आहे.

ह्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. माणसं नंतर एकेक करून तिच्याशी आपापल्या भीतीबद्दल बोलायला आली. एका बाईंनी तर काय काय लपवलं होतं ते ऐकून काकांनी पुन्हा पेनाचं टोपण काढलं.

तरी ती सुखी नव्हती. तीन शनिवार गेले. बसथांबा लांब वाटू लागला. चौथ्या आठवड्यात तिनं काकांना सरळ विचारलं, "ते हल्ली कुठे काम करतायत?" काकांनी पत्ता इतक्या तत्परतेनं दिला की तो त्यांच्या खिशात लिहूनच ठेवलेला असावा.

अकरा मजल्यांची इमारत. खाली पाटी, 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद.' अर्थातच. ती जिन्यानं निघाली. चौथ्या मजल्यावर काय बोलायचं ते तिनं ठरवलं, सातव्यावर ती ते विसरली, नवव्यावर तिला वाटलं, परत फिरावं. कुणी बघितलेलं नाही. पाय खरंच एक पायरी खाली उतरला. मग तिनं कठडा धरला आणि वर चढली.

गच्चीच्या टोकाला मशीनची खोली. तो पाठमोरा, हातात पाना, ग्रीसनं काळा. तिच्या धापेचा आवाज ऐकून त्यानं मागे बघितलं. तो चेहरा, ज्याला ती भ्यायली होती. रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही विकलंत ह्याचा राग नाही मला," तोच आधी बोलला. "त्या शनिवारी तुमच्या हातातल्या वहीचा कागद थरथरत होता. मागच्या बाकावरून दिसत होता. मला वाटलं, ही बाई एवढी घाबरलीय आणि तरी बसलीय... म्हणून मी बसलो. शूर माणसं मी पुष्कळ ऐकली होती. तुम्ही घाबरलेल्या दिसलात, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवला." तो थांबला. "घाबरलेल्या होतात ते खरं निघालं. बसलेल्या होतात ते खोटं."

तिनं होकारार्थी मान हलवली. बचावाला काही नव्हतंच.

"गाळ्याचे पैसे?" शेवटी तिनं विचारलं.

"बँकेतच आहेत. भावाला सांगितलं, वर्षभरात लागणारे पैसे असे घालायचे नसतात." त्यानं नजर चुकवली. "कुणी सांगितलं ते नाही सांगितलं."

"मी माफी मागायला आले," ती म्हणाली. "आणि... आणखी एक सांगायचंय. ते मंडळात उभं राहून नाही सांगता येणार. दुकानात त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं बोलले नाही, कारण तुमच्यासमोर मला फार चांगलं दिसायचं होतं. तुम्ही मला आवडता. खूप. आणि तुम्ही ज्या बाईवर भाळलात ती मी नाहीये, म्हणून मला रोज लाज वाटत होती. आत्ताही वाटतेय."

तो हातातला पाना पुसत राहिला. एकच जागा, पुन्हा पुन्हा.

"आत्ता भीती वाटतेय?"

"नवव्या मजल्यावर परत फिरले होते."

"मग?"

"एक पायरी उतरले. तेवढीच."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं तो लपवायला तोंड फिरवलं, पण नवा चष्मा तिनंच त्याला दिला होता आणि हसताना त्याची काडी कानावर वर सरकते हे तिला ठाऊक होतं.

"मला वेळ लागेल," तो म्हणाला. "मी हळूहळू ठरवणारा माणूस आहे."

"माहितीये. वीस वर्षांनी उघडून बघता."

आता मात्र तो हसला. हसता हसता त्यानं हत्यारांच्या पेटीवर फडकं टाकलं आणि तिला बसायची खूण केली. ती बसली. तो काम करत राहिला. मग त्यानं मागे न बघता हात पुढे केला, तिनं अंदाजानं एक पाना त्याच्या तळव्यावर ठेवला.

"हा नाही. त्याच्या शेजारचा."

तिनं शेजारचा दिला. त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच वेळ थांबली, आणि तिच्या हाताला ग्रीस लागलं. तिनं ते पुसलं नाही.

"उद्या दुसऱ्या इमारतीत काम आहे," तो मशीनकडे बघत म्हणाला. "चौदा मजले."

"लिफ्ट बंद असेल?"

"असणारच. मीच बंद करणार."

"मग जरा लवकर निघते," ती म्हणाली.

"घाई नको," तो म्हणाला. "सावकाश ये. मी थांबतो."